पोलंडच्या जुन्या राजकन्या शेवटी मठातच का जायच्या?

पावसाळी

नमस्कार मंडळी,

क्राकूवला आलेला पाहुणा व्येलिच्काची मिठाची खाण पाहिल्याशिवाय परत जात नाही, आणि खाण पाहिलेल्या प्रत्येकाला अंगठीची गोष्ट पाठ असते. हंगेरीचा राजा बेला चौथा, त्याची लेक किंगा. क्राकूवच्या बोलेस्वावशी तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने बापाकडे सोनंनाणं न मागता मीठ मागितलं. बापाने खाण दिली, तिने त्या खाणीत अंगठी टाकली. पोलंडात आल्यावर तिने जिथे खणायला सांगितलं तिथे मिठाच्या पहिल्याच ढेकळात ती अंगठी निघाली. आज जमिनीखाली १०१ मीटरवर तिच्या नावाचं अख्खं चॅपल आहे. भिंती, जमीन, मूर्ती सगळं मिठात कोरलेलं, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे.

गाइडची गोष्ट इथे संपते. मला पुढच्या भागाचं कुतूहल आहे. बोलेस्वाव १२७९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी किंगाने स्तारी सोंच या गावी संत क्लाराच्या पंथाच्या ननांचा मठ काढला आणि स्वतः तिथे राहायला गेली, ती १२९२ मध्ये मरेपर्यंत. तिची धाकटी बहीण योलेंताही पोलंडातच दिलेली. तिचा नवराही १२७९ मध्येच गेला, तीही मठात. किंगाची नणंद सालोमेआ मठात. आधीच्या पिढीतली सिलेसियाची (पोलंडच्या नैर्ऋत्येचा प्रांत) यादविगा मठात. योलेंताची एक मुलगी अन्ना मठात, दुसरी पोलंडची राणी झाली आणि नवऱ्यामागे तीही स्तारी सोंचलाच.

शेजारच्या पोलिश आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, त्या संत होत्या." माझं काही समाधान होईना. एकाच घरातल्या इतक्या जणींना एकाच वेळी वैराग्य येतं? माझं मत असं की भक्ती असेल थोडीफार, पण खरं कारण घरात होतं. मठ ही त्यांची सुटका होती. तुम्हाला काय वाटतं?

अबोल

वाचतेय. चांगला विषय.

खवचट काका

लग्नात मुलीने मिठाची खाण आणली आणि वर्णी लागली संतांमध्ये. आमच्या हिने येताना माहेरून शिलाई मशीन आणलं, पण अजून कोणी चॅपल बांधलं नाही.

बाकी तो बोलेस्वाव कसा होता? बायको मठात पळाली म्हणजे काहीतरी असणारच.

जुनाजाणता

काका, बायको पळाली नाही, तो गेल्यावर गेली. आणि चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांनी ब्रह्मचर्य पाळलं अशी ख्याती आहे. १२३९ च्या सुमारास ती पोलंडात आली तेव्हा ती १५ वर्षांची, तो १३ चा. कथा अशी की तिने आधी देवासाठी म्हणून एक वर्ष मागून घेतलं, मग आणखी एक, मग आणखी एक, आणि शेवटी दोघांनी बिशपसमोर कायमचंच व्रत घेतलं. लोकांनी नवऱ्याचं नावच 'लाजरा बोलेस्वाव' पाडलं, इतिहासाच्या पुस्तकांतही तेच छापतात.

पण मला किंगापेक्षा तिच्या नणंदेची, सालोमेआची गोष्ट सांगाविशी वाटते. ती लेशेक पांढऱ्याची मुलगी. १२१४ मध्ये स्पिश इथे लेशेक आणि हंगेरीचा राजा आंद्राश यांच्यात तह झाला. हालिच हे आजच्या युक्रेनमधलं संस्थान दोघांनाही हवं होतं. तोडगा काय, तर हंगेरीचा राजपुत्र काल्मान हालिचच्या गादीवर बसेल आणि लेशेकची मुलगी त्याची राणी होईल. राणी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची, राजा सहाचा. १२२१ मध्ये म्स्तिस्लाव या रुस सरदाराने हालिच घेतलं आणि या पोराटोरांना कैदेत टाकलं. सुटून हंगेरीत गेले. पुढे १२४१ मध्ये मोहीच्या लढाईत तातारांनी, म्हणजे मंगोलांनी, हंगेरीचं सैन्य कापून काढलं, काल्मान तिथल्या जखमांनी मेला. सालोमेआ तिशीत माहेरी परतली. राज्य गेलेलं, नवरा गेलेला, मूलबाळ नाही.

१२४५ मध्ये भावाच्या मदतीने तिने झाविखोस्तला मठ काढला. पोलंडातला क्लारा पंथाचा हा पहिला मठ. झाविखोस्त पडलं विस्तुला नदीच्या काठी, पूर्वेच्या वाटेवर, तातारांच्या तोंडावर. १२६० च्या आसपास मठ क्राकूवजवळ स्कावाच्या टेकडीवर हलवावा लागला. १२६८ मध्ये ती तिथे वारली. तीन वर्षांची असल्यापासून तिला जिथे नेऊन बसवलं तिथे ती बसली. मठ कुठे काढायचा, कुठे हलवायचा, यात मात्र पहिल्यांदा तिचं चाललं.

रानफूल

जुनाजाणता, माहिती उत्तम, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. भावाच्या पैशाने, भावाच्या जमिनीवर, भावाच्या परवानगीने काढलेल्या मठात "तिचं चाललं"? तिशीतली विधवा परत बोहल्यावर चढवायची नसेल तर तिला ठेवायचं कुठे, हा प्रश्न भावापुढे होताच की.

वकीलीणबाई

इथे थोडं व्यावसायिक कुतूहल जागं झालं म्हणून लिहिते.

पोलंडच्या सरंजामी घरात लग्नात दोन व्यवहार व्हायचे. मुलीकडून हुंडा जायचा, आणि नवऱ्याकडून तिच्या नावे काही लावून दिलं जायचं, म्हणजे तिच्या वैधव्याची सोय. किंगाच्या बाबतीत हुंडा तातारांच्या स्वारीनंतर राज्य सावरण्यात खर्ची पडला. १२५७ मध्ये नवऱ्याने त्याची भरपाई म्हणून तिला सोंचचा प्रदेश लिहून दिला. गावं, जंगलं, हंगेरीकडे जाणारा व्यापारी रस्ता, सगळं. म्हणजे स्तारी सोंच ही कोणाची कृपा नव्हती, तिच्याच पैशाची परतफेड होती.

आता बघा, १२७९ मध्ये नवरा गेला. मूल नाही. गादीवर आला लेशेक काळा, नवऱ्याचा चुलत-पुतण्या. त्याला सोंच हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मठाला त्याने विरोध केला, क्राकूवच्या बिशपनेही केला. विधवा बाईच्या नावावरची जमीन कशीही फिरवता येते, पण मठाला दिलेल्या जमिनीवर हात टाकायचा तर थेट रोमशी गाठ. आपल्याकडे कुळकायद्याच्या वेळी लोकांना देवस्थान जमिनीचं महत्त्व जसं कळलं, तसंच हे. तेव्हा भक्ती होती की नाही ते देव जाणे, पण हा दस्त मी वाचला असता तर म्हणाले असते, वकील हुशार आहे.

अबोल

वकीलीणबाई +१

खवचट काका

म्हणजे वैराग्य नव्हे, वाटणीपत्र.

पावसाळी

@वकीलीणबाई, हेच मला म्हणायचं होतं, पण मला इतकं नीट मांडता आलं नसतं. धन्यवाद!

@रानफूल, भावाच्या मर्जीचा मुद्दा मान्य. पण किंगाच्या बाबतीत भाऊही नव्हता आणि मर्जीही नव्हती, उलट विरोध होता. तरी तिने रेटलंच.

संशयात्मा

एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. ही सगळी माहिती येते कुठून? त्यांच्या चरित्रांतून. ती लिहिली कोणी? मठातल्या लोकांनी, संतपदासाठी. कोणालाही संत करायचं तर रोमला कागद लागतात, आणि त्या कागदात काय असलं पाहिजे हे ठरलेलं होतं. त्यामुळे सालोमेआने वैवाहिक ब्रह्मचर्य पाळलं, किंगाने पाळलं, सिलेसियाच्या यादविगाने सात मुलांनंतर १२०९ पासून पाळलं. सगळ्या जणी अनवाणी चालायच्या, सगळ्या जणी महारोग्यांचे पाय धुवायच्या. मी म्हणत नाही की हे खोटं आहे. पण या साच्याआड खरी बाई कुठे आहे ते शोधणं अवघड आहे.

किंगाला संतपद मिळालं ते तरी १९९९ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे स्वतः स्तारी सोंचला गेले तेव्हा. सातशे वर्षं थांबावं लागलं. सालोमेआ आणि योलेंता अजून 'धन्य' या, संतपदाच्या आधीच्या पायरीवरच आहेत.

सिलेसियाकर

व्रोत्सवाफला राहतो, म्हणून यादविगाबद्दल मी लिहितो. इथून जवळच त्शेब्नित्साला तिचा मठ आहे.

संशयात्मा म्हणतात तो साचा आहेच, पण अधूनमधून त्यातून माणूस डोकावतो. अनवाणी चालण्याचंच घ्या. नवरा हेन्रिक वैतागला, त्याने बाईंच्या धर्मगुरूला सांगितलं, हिला बूट घालायची आज्ञा कर. गुरूने बूट दिले. वर्षभराने गुरू बघतो तर बूट नवेकोरे. बाई म्हणाल्या, तुम्ही घ्या म्हणालात, मी घेतले, रोज काखेत घेऊन फिरते. १३५३ मध्ये तिच्या वंशातल्या एका ड्यूकने तिचं सचित्र चरित्र करून घेतलं. ती पोथी आता अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यातल्या चित्रात बाई उंच उभ्या आहेत, हातात मेरीची छोटी हस्तिदंती मूर्ती, पुस्तक, आणि त्याच हातावर बूट लटकताहेत.

एवढंच नाही. ननांनी पाय धुतलेल्या पाण्याने ती नातवंडांची तोंडं धुवायची असंही त्याच चरित्रात आहे. आजीचा लाड!

आता मुद्द्याचं. यादविगा मठात राहिली, मठाचा झगा घातला, पण नन व्हायची शपथ तिने कधीच घेतली नाही. कारण साधं. शपथ घेतली की मालमत्तेवरचा हक्क संपतो, आणि तिला तिची मिळकत स्वतःच्या हाताने वाटायची होती. तेव्हा वकीलीणबाईंना इथे आणखी एक अशील मिळालं.

वकीलीणबाई

फी न घेता लढेन ही केस.

कोल्हापुरी तर्री

अवांतर आहे, पण पोलंडचं नाव निघालं की राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियातून इराणमार्गे आलेली. चर्च होतं, शाळा होत्या, नाटकं व्हायची. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे. आमच्या आजोबांना त्यातल्या एका बाईचं नाव पक्कं लक्षात होतं, यादविगा. ते म्हणायचे 'जाधवीण'.

खवचट काका

तर्रीभाऊ, धाग्याचं आता खरं सार्थक झालं. सिलेसियाची जाधवीण, बूट काखेत मारून.

डॉक्टर खोकला

वर लेशेक काळ्याचं नाव आलंय, त्याच्या बायकोची केस फार रंजक आहे. ग्रिफिना तिचं नाव, हालिचकडची, आणि किंगाची सख्खी भाची. लग्नाला काही वर्षं झाल्यावर तिने चारचौघांत जाहीर केलं की नवऱ्याकडून काही होत नाही, मी अजून कुमारिकाच आहे, आणि डोक्यावरची टोपी काढून टाकली. तिकडे लग्न झालेली बाई केस झाकायची, मोकळ्या केसांची ती कुमारिका. तेराव्या शतकात, स्वतः राजघराण्यातली बाई, उघड्या डोक्याने!

शेवटी १२७५ मध्ये समेट झाला. मध्यस्थी कोणी केली, तर बोलेस्वाव आणि किंगाने. ज्यांनी स्वतः ब्रह्मचर्याचं व्रत घेतलंय त्यांनी.

आणि मग औषधोपचार. माँपेलियेला शिकलेला मिकोवाय नावाचा एक डोमिनिकन साधू क्राकूवला आला. सगळ्या रोगांवर त्याचं एकच औषध, साप आणि सरडे खा. लेशेक काळ्यानेही खाल्ले असं १२७८ च्या बखरीत आहे. गुण काही आला नाही, मूल झालं नाही. माझ्या ओपीडीत असे पेशंट अजूनही येतात, फक्त सापाऐवजी व्हॉट्सअपवर आलेली कुठली तरी पावडर घेऊन.

रानफूल

डॉक्टर, हसू आलं, पण ग्रिफिनाला सलाम. बघा ना, या अख्ख्या धाग्यात हीच एक बाई आहे जी स्वतःच्या संसाराबद्दल स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर काहीतरी बोलली. आणि तिला संतपद वगैरे काही मिळालं नाही, हे ओघाने आलंच.

जुनाजाणता

रानफूल, अजून एक जण आहे, आणि ती यांच्याही आधीची. गेर्त्रूदा, राजा म्येश्को दुसरा याची मुलगी. १०४३ च्या सुमारास कीवच्या इझ्यास्लावला दिली. तिचा संसार म्हणजे नुसती धावपळ. १०६८ मध्ये नवऱ्याला कीवमधून हाकललं, माहेरच्या फौजेने परत बसवलं, १०७३ मध्ये भावांनीच पुन्हा हाकललं. मुलगा यारोपोल्क मदत मागायला थेट रोमला, पोप ग्रेगरीकडे गेला. १०७८ मध्ये नवरा लढाईत पडला, काही वर्षांनी मुलाचाही खून झाला.

या सगळ्यात तिच्याजवळ एक जुनी लॅटिन स्तोत्रांची पोथी होती, जर्मनीतल्या ट्रीरच्या आर्चबिशपसाठी दहाव्या शतकात केलेली. त्यात तिने स्वतःच्या प्रार्थना जोडल्या. बहुतेक मुलासाठी, त्याचं बाप्तिस्म्याचं नाव पेत्र, सारखं "माझा एकुलता एक पेत्र". नवऱ्याच्या रागासाठीही एक आहे. तिने पोथीत चित्र काढून घेतलं, त्यात संत पेत्र उभा आहे आणि खाली जमिनीवर पडून एक बाई त्याचा पाय दोन्ही हातांनी धरतेय. ती गेर्त्रूदा. ती पोथी आज इटलीत चिविदालेला आहे.

संशयात्मा, या बाईवर कोणी संतचरित्र लिहिलं नाही. जे आहे ते तिने स्वतः देवापुढे मांडलेलं. साचा नको म्हणत होतात ना?

संशयात्मा

दंडवत. हे माहीत नव्हतं. पण एक लक्षात घ्या, ती मठात गेली नाही.

जुनाजाणता

नाही गेली. मुलगा जिवंत होता तोवर त्याच्या मागे, आणि तो गेल्यावरही कीवच्या राजकारणात. ११०८ मध्ये वारली.

निळाई

उलट्या दिशेची गोष्टही आहे! पोलंडच्या पहिल्या ऐतिहासिक शासकाची, म्येश्को पहिल्याची, दुसरी बायको ओडा. ही जर्मन सरदाराची मुलगी काल्बेच्या मठात नन होती. तिथून तिला बाहेर काढून म्येश्कोशी लग्न लावलं. थीटमार हा बिशप-बखरकार यावर भयंकर चिडलाय, म्हणतो, देवाची वधू सोडून माणसाची झाली. आणि पुढे तोच कबूल करतो की या लग्नामुळे कितीतरी कैदी सुटले, सरहद्दीवर शांतता झाली.

ओडाला तीन मुलगे झाले. म्येश्कोने मरायच्या आधी स्वतःचं राज्य पोपच्या संरक्षणात देणारा कागद केला, त्यात ओडाचं नाव आहे, तिच्या दोन मुलांची नावं आहेत, पण पहिल्या बायकोच्या मुलाचं, बोलेस्वावचं नाव नाही. ९९२ मध्ये म्येश्को गेला आणि त्याच बोलेस्वावने सावत्र आईला पोरांसकट हाकललं. ती परत जर्मनीत, क्वेडलिनबुर्गच्या मठात, १०२३ पर्यंत.

म्हणजे मठातून लग्नात, लग्नातून मठात. तिला दोन्ही वेळा कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

खवचट काका

थीटमार हा प्राणी आवडला. पहिल्या बायकोबद्दल काही म्हणतो का?

निळाई

म्हणतो की! पहिली बायको दोब्रावा, बोहेमियाची (आजचं चेकिया), ख्रिश्चन. ९६५ मध्ये आली तेव्हा म्येश्को ख्रिश्चन नव्हता. त्याला वश करायचं म्हणून तिने उपासाच्या चाळीस दिवसांत मुद्दाम मांस खाल्लं. काहींच्या मते एक वर्ष, काहींच्या मते तीन. ९६६ मध्ये म्येश्कोने बाप्तिस्मा घेतला. थीटमार म्हणतो, पाप केलं पण हेतू चांगला होता.

शेंगदाणा

श्रावणात मटण खाऊन नवऱ्याला देवाला लावलं. गुरू आहे ही बाई.

पावसाळी

काय सुंदर चाललंय. पण जरा मूळ प्रश्नाकडे येते. ज्या मठात गेल्या नाहीत, किंवा ज्यांना मठ मिळाला नाही, त्यांचं काय झालं? त्यावरून तरी कळेल मठ म्हणजे सुटका होती की नव्हती.

सिलेसियाकर

पावसाळी, दोन उदाहरणं देतो, दोन टोकांची.

पहिली हेस्सेची आडेलहाइड, पोलंडचा राजा काझिमिएश महान याची दुसरी बायको. १३४१ मध्ये पोझनानला लग्न, आणि लगेचच राजाचं मन उडालं. तिला झार्नोव्येत्सच्या वाड्यात नेऊन ठेवलं. राणी, पण राजा दुसरीकडे. अशी पंधरा वर्षं. शेवटी बापाने १३५६ मध्ये तिला परत नेलं. राजाने घटस्फोट न घेताच प्रागच्या एका बाईशी लग्नासारखं काहीतरी लावलं, मग १३६५ मध्ये चौथीशी. आडेलहाइडला मूल नाही, राज्य नाही, स्वतःची जमीन नाही. मठ असता तर निदान चार बायका तरी बोलायला असत्या.

दुसरी एल्झ्बिएता, पण हिला सगळे रेयच्का म्हणतात. पोलंडचा राजा प्शेमिस्व दुसरा, त्याची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली. ती सात वर्षांची असताना बापाचा खून झाला, रोगोझ्नोला. आता ती म्हणजे पोलंडच्या गादीचा चालता-बोलता हक्क. बोहेमियाच्या वेन्सेस्लास दुसऱ्याने तो हक्क लग्नाने घेतला. (हा वेन्सेस्लास म्हणजे डॉक्टरांच्या ग्रिफिनाचा भाचा. लेशेक काळा गेल्यावर ग्रिफिनाने क्राकूववरचा हक्क यालाच दिला होता.) १३०५ मध्ये वेन्सेस्लास गेला. मग हाब्सबुर्ग रुडॉल्फने तिच्याशी लग्न केलं, १३०७ मध्ये तोही गेला. १९ वर्षांची व्हायच्या आत दोनदा विधवा.

आणि मग तिने तिसऱ्यांदा कोणाचंही ऐकलं नाही. हातात वैधव्याच्या सोयीची गावं होती. हेन्री लिपा या बड्या सरदाराबरोबर ती ब्रनोला राहिली, लग्न न करता, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. १३२३ मध्ये तिने तिथे सिस्टर्शियन ननांचा मठ काढला, त्यासाठी सोनेरी चित्रांच्या पोथ्या करून घेतल्या. लिपाला त्याच चर्चमध्ये पुरलं, १३३५ मध्ये तीही तिथेच.

गंमत म्हणजे तो मठ पुढे ऑगस्टिनियन साधूंकडे गेला, आणि तिथल्याच बागेत मेंडेलने वाटाणे लावले.

डॉक्टर खोकला

काय सांगता! बारावीच्या जीवशास्त्राचा वाटाणा पोलिश राणीच्या मठात?

शेंगदाणा

वाटाण्याच्या चर्चेत शेंगदाण्याला कोणी विचारत नाही.

वकीलीणबाई

सिलेसियाकर, तुमची दोन उदाहरणं शेजारी ठेवली तर फरक मठाचा नाहीच. आडेलहाइडकडे जमीन नव्हती, रेयच्काकडे होती. मठ काढायचा, मठात राहायचं, मठाबाहेर राहून मठ चालवायचा, हे सगळं तिला करता आलं कारण गावांचं उत्पन्न तिच्या हातात होतं.

रानफूल

वकीलीणबाई, इथपर्यंत पटलं. पण आता मी त्यांच्याबद्दल बोलते ज्यांच्याकडे ना जमीन होती ना वय.

सिलेसियाच्या यादविगाची मुलगी गेर्त्रूदा. तिचं लग्न ठरलं होतं विटेल्सबाखच्या ओटोशी. त्या ओटोने १२०८ मध्ये जर्मनीच्या राजाचा, स्वाबियाच्या फिलिपचा खून केला. लग्न मोडलं. मुलगी कुठे गेली? आईच्या मठात, त्शेब्नित्साला. पुढे तिथलीच मठाधिपती झाली.

बोहेमियाची आग्नेस, तीन वर्षांची असताना त्याच त्शेब्नित्साला पाठवली, कारण यादविगाच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. तो मुलगा वारला, मग मुलगी परत. नंतर सम्राट फ्रेडरिकचं स्थळ आलं, तेव्हा मात्र ती नाही म्हणाली आणि प्रागला स्वतःचा मठ काढला. खुद्द संत क्लाराची तिला आलेली पत्रं आजही आहेत.

आणि योलेंताची अन्ना. आई मठात, मावशी मठात, तीही मठात. किंगा विधवा होऊन, पन्नाशी ओलांडून, जमीनजुमला घेऊन गेली. अन्ना काय घेऊन गेली? एकाच मठात दोघी राहिल्या, पण दोघींना मठ सारखाच दिसला असेल असं मला वाटत नाही. पावसाळी विचारते सुटका की काय, तर आधी विचारावं लागेल, कोणाची?

पावसाळी

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. शेजारच्या आजींना विचारायला हवं अन्नाबद्दल. किंगाची तसबीर त्यांच्या घरात आहे, अन्नाची नाही.

संशयात्मा

त्या तसबिरीत हातात मिठाचं ढेकूळ आहे का अंगठी?

पावसाळी

मठाची छोटी प्रतिकृती आहे हातात. आणि पायाशी मिठाचे खडे.

वकीलीणबाई

बघा, खातेउतारा हातात धरूनच उभी आहे.

जुनाजाणता

सुटका म्हणताना एक विसरू नका, मठ म्हणजे काही अभेद्य किल्ला नव्हता. १२८७ च्या हिवाळ्यात तातार पुन्हा आले. साठी ओलांडलेली किंगा सगळ्या ननांना घेऊन स्तारी सोंचमधून निघाली आणि पिएनिनी डोंगरातल्या गडावर जाऊन राहिली. त्या गडाचे अवशेष आजही आहेत. ज्या नियमाने नन मठाचा उंबरठा ओलांडू शकत नाही, तो नियम तातारांपुढे गुंडाळून ठेवला, आणि धोका टळल्यावर सगळ्या परत आल्या.

कोल्हापुरी तर्री

गडावर गेली म्हटल्यावर आता मला बाई आवडायला लागली. पावसाळी, कसं जायचं स्तारी सोंचला? ऑक्टोबरात क्राकूवला ऑफिसच्या कामाने येतोय.

पावसाळी

क्राकूवहून नोवी सोंचपर्यंत बस, तिथून पुढे स्तारी सोंच अगदी जवळ. चर्च बघता येतं. मठात मात्र आत जाता येत नाही, तिथे अजूनही क्लारा पंथाच्या नन राहतात. पोपसाठी १९९९ मध्ये बांधलेली लाकडी वेदीही तिथेच जपून ठेवलीय. थंडीचे कपडे आण, ऑक्टोबरात तिकडे बरीच थंडी असते.

रानफूल

आणि अन्नाबद्दल काही पाटी दिसली तर फोटो टाक इथे.